बाकी साठ

त्यांचा फोटो नाही माझ्या दुकानात.
मापं आहेत.
लाल पुठ्ठ्याची वही, पान एकशे बारा :
रोझलिन पवार, मोहन नगर. छाती बत्तीस, बाही साडेएकवीस.
व्यंकट, अजनी रेल्वे क्वार्टर. डावा खांदा उतरता,
गिटारीच्या पट्ट्यानं.
हरीश मोटवानी, जरीपटका, ड्रमवाला.
दंड फुगवून दाखवायचा, म्हणून दोनदा मोजला.
धम्मदीप गजभिये, इंदोरा. धड उभाच राहीना,
बोटं माझ्या कटिंगच्या टेबलावर सूर शोधत होती.

गटाचं नाव आंबिया.
पोरांनो, मी म्हटलं, संत्र्याच्या बहाराचं नाव कोणी बँडला देते का?
धम्मदीप म्हणाला, झाडाचं पाणी तोडतात ना काकू,
पानं पिवळी पडेस्तोवर ताण देतात,
तवा कुठं फूल येते.
आमचं सध्या पाणी तोडणंच चालू आहे.

कॉलेजची गॅदरिंगं, सिव्हिल लाइन्सचा क्लब,
आणि एकदा कोराडीच्या वीज-वसाहतीत
ऐन कार्यक्रमात लाइट गेली.
बिनमाइकचं गायली रोझलिन, अर्धा तास.
कॅसेट निघाली ती त्यानंतर.
मग शहाऐंशीत ते पत्र आलं,
काळ्या समुद्राकाठच्या कुठल्याशा गावाहून,
एकवीस देश, एकवीस गाणी.

मखमल हरीशच्या बापानं दिली, संत्र्याच्या सालीच्या रंगाची.
मे महिना. सेहेचाळीस डिग्री.
वाळ्याच्या कूलरसमोर चौघं कोट घालून उभे,
घाम कोपरावरून माझ्या फितीवर.
रोझलिन म्हणाली, काकू, शेवटच्या ओळीला
दोन्ही हात वर जातात माझे.
मी मान डोलावली. तोंडात टाचण्या होत्या.

तिथं निवेदकाला वाटलं आंबिया हा देशच आहे.
एकोणिसावे आले.
एका म्हातारीनं दहापैकी सात दिले, बाकीच्यांनी दोन-दोन.
इथं टीव्हीवर काहीच दाखवलं नाही.
पेपरात तेवढा एक फोटो आला, तिसऱ्या पानावर, बोटभर :
उजवा हात आभाळात,
डावा कुशीला चिकटलेला, मूठ वळून.

मुंढा.
डाव्या बाहीचा मुंढा मी अर्धा इंच वर कापला होता, घाईत.
उसवला असेल, नाहीतर उसवेल म्हणून तिनं उचललाच नसेल.
कोणाला सांगणार?
गिऱ्हाइकांचे ब्लाउज शिवत राहिले, मुंढे सैल ठेवत गेले.

पुढची पानं वहीतच आहेत.
व्यंकट, तिकीट तपासनिसाची पँट, कंबर चौतीस.
हरीश, लग्नाचा सूट, बेचाळीस, पोट धरून.
रोझलिन मेयोत नर्स, पांढरा टेरिकॉट, वर्षाला दोन.
दुसरी कॅसेट खोक्यासकट परत आली
आणि लग्नांतून लोक सिनेमाचीच गाणी मागायचे.
धम्मदीप पवनीला मास्तर झाला.
त्याचं माप पुन्हा कधी घेतलं नाही मी.

यंदा जानेवारीत रोझलिन आली, रिटायर झालेली,
पिशवीत तो कोट.
नातीला बसव म्हणाली, शाळेत फॅन्सी ड्रेस आहे.
मी डावी बाही उलटी केली, चष्मा पुसून पाहिली.
एक टाका हलला नव्हता.
मग हात काहून उचलला नाही बाई तू?
ती हसली, इतकी की खुर्चीत बसली.
तळव्यावर दुसरं कडवं लिहून नेलं होतं बॉलपेननं.
ऐन वेळी पाहतो तर घामानं सारी शाई गेलेली.
पहिलंच पुन्हा म्हटलं काकू.
तिथं कोणाला समजते मराठी?

एवढी वर्षं.
मी वही काढली, नातीचं माप लिहायला,
आणि जुनं पान आपसूक उघडलं :
शिलाई दोनशे ऐंशी. जमा दोनशे वीस.
बाकी साठ.
मी अंगठा ठेवायच्या आत तिनं वाचलं,
पर्स उघडली.
राहू दे म्हटलं. दुसरं कडवं आठवते का आता?

आठवते ना, ती म्हणाली.
पहिलं विसरली.